रिक्त जागेची चार वर्षं

आमच्या देवळात मी हल्ली मोठ्या दाराने जात नाही. आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. बाजूच्या दाराने शिरतो आणि मागच्या बाकावर बसतो. लोकांना वाटतं, सेक्रेटरींचे, म्हणजे माझे, गुडघे दुखतात, त्यांना पायऱ्या नकोत. गुडघे ठणठणीत आहेत. मोठ्या दाराशी एक संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावरचा मजकूर माझा आहे. मला तिची लाज वाटते.

आमचा धर्मप्रांत म्हणजे वर घाटावर बिशपसाहेब, त्यांच्या हाताखाली पाळक, प्रत्येक पाळकाकडे एकदोन मंडळ्या, म्हणजे एकेका देवळाची माणसं, आणि सगळ्यांची मिळून एक कौन्सिल. तिथे पाच मिनिटं प्रार्थना होते आणि पाच तास भांडण. रत्नागिरी या प्रांताचं शेपूट. इथली बदली पाळकांना शिक्षा वाटते, मासे आवडणारे तेवढे खुशीने येतात.

तर मागे कार्यालयातून पत्र आलं की प्रांताचा इतिहास लिहायचा आहे, प्रत्येक मंडळीने सोबतचा नमुना भरून पाठवावा. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस मी. नमुना दिसला की माझे हात शिवशिवतात. चार रकाने होते: पाळकाचं नाव, दीक्षा कोणाच्या हस्ते, कधीपासून, कधीपर्यंत. मी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. आधी गोऱ्या अंमलदारांसाठी नेमलेले पाद्री, ज्यांच्या वेळी आमची माणसं मागे भिंतीला टेकून उपासना ऐकत. मग आपले पाळक. मग देशातल्या निरनिराळ्या मंडळ्या एक झाल्या, त्यानंतरचे पाळक. यादी अशी सुरेख उतरली की मलाच माझं कौतुक वाटलं. मध्ये फक्त चार वर्षांचं भगदाड होतं. तिथे मी कचेरीतल्या सवयीने लिहिलं, 'जागा रिक्त'.

सवयीने म्हणालो, ते खोटं आहे. त्या चार वर्षांत काय झालं हे मला पक्कं ठाऊक होतं.

पाळक मिळेना, तेव्हा आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने देवळाची किल्ली स्वतःकडे घेतली. सगळे त्यांना बाईच म्हणतात, अजूनही. दर रविवारी त्या घंटा वाजवत, प्रार्थनेचं पुस्तक उघडून उपासना चालवत, आजाऱ्यांकडे जात. भाकर आणि द्राक्षारसाचं प्रभुभोजन तेवढं होत नसे, त्याला दीक्षित पाळक लागतो. तो तीन-चार महिन्यांनी घाट उतरून येई. अशाच एका आषाढात दरड कोसळून घाट बंद होता आणि अकरा दिवसांचं एक मूल जुलाबाने निळं पडलं होतं. मूल दगावेल अशी भीती असेल आणि पाळक जवळ नसेल, तर कुणाही ख्रिस्ती माणसाने बाप्तिस्मा द्यावा, असा आमचा जुना नियम आहे. बाईंनी आमच्या ओटीवर फुलपात्रातलं पाणी त्या मुलाच्या डोक्यावर घातलं. ते मूल मी.

पुढे पाळक आले, त्यांनी मला देवळात रीतसर स्वीकारलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'बाप्तिस्मा घरी, बाईंच्या हस्ते'. पुढे बाईंचं पूर्ण नाव, खाली सही. यादी करताना ते पान मी उघडलं, वाचलं आणि मिटलं.

माझी यादी मोठ्या दाराशी संगमरवरी पाटीवर कोरायची ठरली होती, आणि त्याच वर्षी मी कौन्सिलच्या निवडणुकीला उभा होतो. बाईंचं नाव पाटीवर गेलं तर कुणीतरी विचारील त्यांनी काय केलं, कुणीतरी रजिस्टर उघडील, आणि विरुद्ध गट कुजबुजेल की उमेदवाराला धड पाळकाचा बाप्तिस्मासुद्धा नाही. नियमात सगळं बसत होतं, कुणी चकार शब्द काढला नसता. पण चोराच्या मनात चांदणं. ज्या हातांनी मला वाचवलं ते मला अडचणीचे वाटले.

पाटीच्या अनावरणाला बिशपसाहेब आले. कार्यक्रम संपल्यावर पांढरी सुती साडी नेसलेल्या बाई पाटीशी गेल्या आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचू लागल्या. शाळेत आम्हाला शिकवलं होतं तसंच. बोट मध्येच थांबलं.

"काय रे बाबू," त्यांनी मला विचारलं, "ही चार वर्षं देवळाला कुलूप होतं काय?"

"बाई, नमुन्यात तसा रकाना नव्हता."

"होय काय," त्या म्हणाल्या. बोट उचललं आणि पुढची ओळ वाचू लागल्या. तेवढ्यात मला पुढे बोलावलं. बिशपसाहेबांनी इतिहासाच्या सेवेबद्दल माझ्या खांद्यावर शाल घातली. निवडणूकही मी जिंकलो.

ती शाल मी एकदाही पांघरली नाही. पाटी बदलू या, असं मी कमिटीत एकदा बोललो. पण नक्की काय चुकलंय, असं कुणी विचारताच समोरचे कागद चाळू लागलो. दगडावरचं खोडता येत नाही म्हणून विषय संपला आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

आता बाईंची नजर पार गेली आहे. गेल्या महिन्यात मला राहवेना, म्हणून रजिस्टर घेऊन त्यांच्या घरी गेलो. खाटेशेजारी स्टुलावर बसून माझ्या बाप्तिस्म्याची नोंद मोठ्याने वाचली, त्यांच्या पूर्ण नावासकट. वाटलं, त्यांना बरं वाटेल. मलाही वाटेल.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कशाला वाचून दाखवतोस रे? मी होते की तिथे."

उपासनेनंतर मंडळीपुढे सूचना वाचायचं काम सेक्रेटरीचं असतं. तीन रविवार झाले, रजिस्टर पिशवीत घालून नेतो, सूचना वाचतो आणि पिशवी तशीच घरी आणतो.