निकाल देंगे

जानकीबाईंचं हिंदी बाजारापुरतं पक्कं होतं. झाशीला ओरछा गेटच्या भाजीवाल्याशी त्या अशी घासाघीस करायच्या, की तो बिचारा कोथिंबीर फुकट देऊन आपली सुटका करून घ्यायचा. पण घाबरल्या की बावीस वर्षांचं सगळं हिंदी पळून जायचं आणि भुसावळची मराठी तेवढी उरायची. त्यात भीती वाटली की त्यांना हसू फुटायचं. नवऱ्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे कळलं तेव्हाही त्या डॉक्टरांसमोर हसल्या होत्या, आणि घरी येऊन नळ सोडून पोटभर रडल्या होत्या.

नवरा म्हणजे मारुतीराव, रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले फिटर. चार महिने केमो झाली, परवा एमआरआय झाला. गाठ किती आकसली, रक्तवाहिनीपासून सुटली का, हे त्या चित्रांत बघून डॉक्टर पुढचा अंदाज बांधणार होते: ऑपरेशन जमेल, की नुसत्या औषधांवर दिवस काढायचे. आज ते कळायचं होतं, आणि ऐन वेळी मारुतीरावांनी दाराबाहेरच बसकण मारली.

"तू ऐकून ये. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

जानकीबाई आत गेल्या. डॉक्टर पडद्यावर बोट फिरवत भराभरा बोलत होते आणि यांच्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. शेवटचं वाक्य तेवढं हाती लागलं: "अब निकाल देंगे." निकाल देणार, म्हणजे अजून दिलेला नाही. त्या हसल्या. डॉक्टरही हसले.

मग बाहेर येऊन नवरा-बायको दोघं बाकावर निकालाची वाट बघत बसले. तास गेला. एवढा उशीर लावतात म्हणजे वाईटच असणार, असं मारुतीरावांनी ठरवूनही टाकलं. कुठले कागद कुठल्या पेटीत आहेत ते सांगून झालं. मग घसा खाकरून ते म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी भुसावळची बदली मिळत होती. मीच नको म्हणालो."

"का बरं?"

"बरुआसागरच्या तळ्यावर रविवारी गळ टाकून बसायला मिळायचं."

त्या बदलीसाठी जानकीबाईंनी सोळा सोमवार केले होते. पण आता या माणसाला काय बोलणार? त्यांनी गिळलं सगळं आणि त्याचा हात धरून बसल्या.

एमआरआयच्या खोलीत काम करणारी, मघाशी डॉक्टरांना ती चित्रं लावून देणारी रेवा, इथल्याच जुन्या मराठी घरातली, तिसऱ्यांदा समोरून गेली आणि थांबली.

"काकू, तुम्ही अजून बसले? घरी नाही जायचं?"

"निकाल घेतला की निघतोच. डॉक्टर म्हणाले ना, निकाल देंगे."

रेवा क्षणभर बघत राहिली आणि मग भिंतीला टेकून हसायलाच लागली. "काकू, वो तो गांठ निकाल देंगे बोले. गाठ काढणार. औषध लागू पडलं. मंगळवारी सर्जन बोलावतील." मग जरा सावरून म्हणाली, "ऑपरेशन मोठं आहे हां. पर होईल."

जानकीबाई इतक्या हसल्या की वॉर्डातले लोक बाहेर येऊन बघू लागले. या खेपेला मात्र भीतीचं नव्हतं ते. हसता हसता त्यांना एकदम काहीतरी आठवलं आणि त्या नवऱ्याकडे वळल्या. मारुतीराव बाकाच्या पार टोकाला सरकले होते.

"अहो, ऑपरेशन होऊ द्या. नीट शुद्धीवर या, खायला-प्यायला लागा. मग मी तुमच्याशी भांडणार आहे. बारा वर्षांचं साचलंय."

मारुतीरावांचे डोळे वाहत होते.

"भांड," ते म्हणाले. "सावकाश भांड."