दवाखान्यासाठी इस्त्री

व्हर्लीन टब्स गेली त्याला आज नऊ दिवस झाले. चर्चमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. बाकीचे सहा दिवस माशांच्या कारखान्यात, पायांत रबरी बूट, हात बर्फाच्या पाण्यात. अशी सव्वीस वर्षं. ज्या गोऱ्या पोरांना तिनं सुरी धरायला शिकवलं ते तिचे मुकादम झाले, ती होती तिथेच राहिली. रक्तात साखर तर होतीच, आम्हा काळ्यांच्या गल्लीत ती कुणाला नाही? खाडा झाला की पगार कापतात, म्हणून डॉक्टरकडे जायची ती अगदी उभं राहवेना तेव्हाच. त्यात आमच्या गावचा दवाखाना बंद पडला. आता चाळीस मैल जावं लागतं.

मंगळवारी सकाळी तिचा फोन आला. जबडा दुखतोय, घाम फुटलाय म्हणाली. मी गाडीची किल्ली घेऊन धावले, तर ही अंघोळ करून जॅकेटला इस्त्री करत उभी.

"व्हर्लीन, चल आधी."

"अशी? घरच्या झग्यात? मेव्हिस, मागच्या खेपेला कामावरून तशीच गेले होते. अंगाला माशांचा वास. नर्स विचारते, काय घेतलंयस, दारू की गोळ्या?"

मी वाद घातला नाही. लहानपणी आम्हाला ताप आला तरी माझी आई आधी फ्रॉकला इस्त्री करायची, मग डॉक्टरकडे न्यायची. नीटनेटकं दिसलं की गोरे लोक ऐकून घेतात, हे आम्ही आईच्या दुधाबरोबरच प्यायलोय. मी तिच्या हातातून इस्त्री घेतली आणि कॉलर स्वतः बसवली. ती पलंगावर धापा टाकत बसली होती. म्हणाली, "लग्नातही एवढी नटले नव्हते. म्हणूनच पळाला असेल तो."

दवाखान्यात टेबलामागच्या मुलीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसून विचारलं, चर्चला निघाला होता का, छान दिसताय. मग दुखणं किती आहे ते विचारलं. कण्हत बसलं तर सगळं नटणं फुकट, म्हणून व्हर्लीन ठेवणीतल्या आवाजात म्हणाली, "फार नाही, मॅडम. थोडंसं."

आम्हाला बसायला सांगितलं. मागून बोट कापलेला एक गोरा माणूस आला, तो आत गेला. मी दोनदा उठून अदबीनं विचारलं. बाई बऱ्या दिसताहेत, थांबा, असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा उठणार तोच व्हर्लीनच्या मांडीवरची पर्स घसरली, आणि मागोमाग तीही.

व्हर्लीनची लेक रेनिता मेम्फिसहून आली. आईचा फोन किती वाजता आला आणि आम्ही किती वाजता पोचलो, एवढंच तिनं विचारलं. मी दोन्ही वेळा खऱ्या सांगितल्या. पोरीनं मनात रस्त्याचा वेळ वजा केला.

"मावशी, मधला पाऊण तास?"

"इस्त्री करत होते मी."

 ती हळूच म्हणाली, "मीही केली असती."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.