कारण नसलेला दावा

मी आयुष्यात एकच दावा लावला, तोही माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीवर. तेव्हा मी जेमतेम बासष्टची होते. अक्कल यायला अजून अवकाश होता.

अंधेरीतली आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा आम्ही दोघींनी सगळ्यांच्या डोक्याला ताप देऊन शेजारशेजारचे फ्लॅट मिळवले होते. गच्चीत मसाल्याच्या मिरच्या वाळवताना तिने मला जन्मभराचा शब्द दिला होता, "मरासर तुझ्या बाजूकच." आम्ही दोघी मालवणकडच्याच. माझी भाषा मुंबईत गुळगुळीत झाली, तिची नाही झाली. मग तिच्या मुलाने मुलुंडला मोठं घर घेतलं आणि आईचा फ्लॅट विकायला काढला. मी भांडले, रडले, अबोला धरून बघितला. शेवटी खालच्या मजल्यावरच्या वकिलाकडे गेले.

"काकू, पण यात दाव्याचं कारण कुठाय?" तो म्हणाला. "तुमचा कुठला हक्क मोडला ते लिहावं लागतं. नाहीतर कोर्ट उभंसुद्धा करणार नाही."

"ती चाललीय ना मुलुंडला! अजून काय कारण पाहिजे?"

"शब्द दिला त्याला साक्षीदार?"

"आठ किलो मिरच्या."

त्याने कपाळाला हात लावला आणि लिहिलं: प्रतिवादीने फ्लॅट विकू नये व वादीच्या शेजारीच राहावे. मी ऐटीत सही ठोकली. म्हटलं, आता बघतेच कशी जाते.

ती गेलीच. पण पहिल्या तारखेला कोर्टाच्या बाकावर माझ्याच शेजारी येऊन बसली.

"काय गो, माझ्यार केस घातलंस? दुसरो रस्तो नाय गावलो तुका?"

मी तोंड फिरवलं. तिने पिशवीतून घावण्यांचा डबा काढला. वादी आणि प्रतिवादी एकाच डब्यात हात घालताना बघून पट्टेवाल्याला हसू आवरेना. पुढे आणखी दोन तारखा पडल्या. मी आदल्या दिवशीच साडीला इस्त्री करून ठेवायचे. प्रत्येक तारखेला ती मुलुंडहून हजर, आणि मला, मूर्खाला वाटायचं, केस मी जिंकतेय.

चौथ्या तारखेला तिच्या मुलाच्या वकिलाने अर्ज दिला, या दाव्याला कारणच नाही, तो इथेच संपवावा. जजबाईंनी सगळे कागद वाचले, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आजी, कुणी लांब राहायला गेलं, तर कायद्याने तुमचं काय गेलं?"

एक तर आजी म्हटल्याचा राग आला. उत्तर माझ्याकडे होतं, सकाळच्या पहिल्या चहापासूनचं होतं. पण त्यात कायदा कुठेच नव्हता. साक्षीपुराव्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही, दावा नामंजूर.

बाहेर व्हरांड्यात ती मुलाबरोबर थांबली होती. जिंकलेलं माणूस असं दिसत नाही.

"मगे पुढची तारीख?"

"नाही आता. संपलं."

तिने मुलाकडे पाठ करून माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "वर अपील असता ना गो? घाल मा."

वकील म्हणाला, काकू, अजिबात नको. मी त्याचं ऐकलं. सगळ्या जन्मात एकदाच शहाण्यासारखी वागले, आणि तेही नेमकं तिथे.