अपवाद वगळता

सरांनी माझा कागद दोन बोटांच्या चिमटीत धरला. मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर न्यावा, तसा. मग तो वर्गाकडे फिरवला.

"हे काय आहे, कुणी सांगेल?"

बुलढाण्यातल्या एका कॉलेजात पीएच.डी.च्या आधीचा आमचा वर्ग होता. मोजून सहा जण. सर पुण्यात शिकलेले. ते विसरायची सोय नव्हती, तेच आठवण करून द्यायचे. त्यांनी आम्हाला एक लांबलचक लेख दिला होता, आमच्याच भागातल्या खेड्यांच्या जुन्या जीवनावरचा. त्याची रूपरेषा काढायची होती. लेखकाला मुळात काय म्हणायचंय, त्याला आधार कोणत्या मुद्द्यांचा, आणि त्या प्रत्येकाखाली तपशील कोणता, हे एका पानात उतरवायचं. ज्याला ते जमेल, त्याच्या संशोधनाच्या अर्जावर सर सही करणार. सही नाही, तर नोंदणी नाही. मजूर बापाची मी पोर. मला ती सही हवी होती.

लेखात पाण्यावर एक परिच्छेद होता. त्यातलं वाक्य असं होतं: "उन्हाळ्यात सारे गाव, अपवाद वगळता, एकाच विहिरीवर पाणी भरत असे."

अपवाद वगळता. लेखक दोन शब्दांत मोकळा झाला होता. मी अडकले. माझ्या रूपरेषेत पहिलाच मुद्दा मी लिहिला: 'अपवाद कोण होते?'

"एवढ्या मोठ्या लेखात दोन शब्द," सर म्हणाले, "आणि मॅडमनी ते डोक्यावर घेतलेत." वर्ग हसला. सरांनी कागद टेबलावर ठेवून मला पुढं बोलावलं. हातात पेन दिलं. "हा मुख्य मुद्दा नाही. खाली लिहा. तिसऱ्याच्या पोटात. थोडं आत घ्या."

मी लिहिलं.

"अजून आत."

मी खोडून पुन्हा लिहिलं.

"अजून."

शब्द कागदाच्या उजव्या कडेला जाऊन टेकले. तेव्हा सर म्हणाले, "आता जागेवर आलं." आणि वर्गाकडे बघत, अगदी शांतपणे, "या लोकांना मुद्दे काढता येत नाहीत. कारण यांच्याकडे मुद्दा एकच असतो."

कोणते लोक, असं कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. मी कागद घेऊन जागेवर गेले. त्या गप्प बसण्याची मला अजून चीड येते.

त्यानंतर तो आवाज माझ्या मागं लागला. खोलीवर संगणक उघडून बसायचे. एक आकडा टाकायचा, पुढं मुद्दा लिहायचा, खालची ओळ आत घ्यायला बटण दाबायचं. बोट बटणावर गेलं की कानाशी सर. अजून आत. मी मागं वळून बघायचे. खोलीत कुणी नसायचं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आमच्या घरात कुणाचाच नाही. पण जिवंत माणूससुद्धा झपाटतो, हे मला तेव्हा कळलं. पान पांढरं राहायचं. जेवण जाईना. मैत्रीण म्हणाली, लिहून टाक ना त्यांना हवं तसं, काय बिघडतं? खरंच, काय बिघडत होतं, हेच मला सांगता येत नव्हतं.

शनिवारी एसटी धरून उंद्रीला घरी गेले. शेजारीच मोठी माय राहते, माझ्या वडिलांची थोरली भावजय. ऐंशीच्या पुढची. तिच्या घरात रिकामं भांडं कधी दिसायचं नाही. नळ आला तरी ती हंडे, कळश्या, तांबे, पातेली, वाट्यासुद्धा भरून ठेवते. लहानपणी आम्ही तिला हसायचो. पुढं आईनं एकदा सांगितलं. मोठ्या मायचं माहेर बीबी गावाकडचं. लहान असताना ती घागर घेऊन विहिरीपाशी उभी होती. आपण हात लावायचा नाही, कुणी वरून ओतलं तर घ्यायचं. त्या दुपारी ऊन कलेपर्यंत कुणी ओतलं नाही. घरी धाकटा भाऊ तापानं फणफणलेला होता, पाणी पाणी करत होता. ती घागर भरून घरी पोचली तेव्हा पाणी मागणारा उरला नव्हता. आईनं एवढंच सांगितलं आणि वर बजावलं, तिच्यापुढं बोलू नको.

त्या शनिवारी मी बोलले. लेखातलं वाक्य वाचून दाखवलं. सरांचं बोलणं सांगितलं. मोठी माय तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"काऊन वं, सही त्याच्याच हातात हाये का?" तिनं विचारलं.

"हाव."

"मंग त्याले पाह्यजे तसं लेहून दे. सही घे. शिकून मोठी हो."

"मोठी माय, ते दोन शब्द म्हणजे तू आहेस."

आता हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. भरलेल्या हंड्यांकडे पाहिलं.

"मले नको टाकू त्याच्यात," ती म्हणाली. "लोकं वाचतीन. मंग थे इचारतीन. मले पुन्हा तिथं उभं राहा लागीन."

सरांनी मला कडेला ढकललं होतं, ते एक. पण मी तरी काय करत होते? म्हातारीला न विचारता पुन्हा त्या विहिरीपाशी नेऊन उभी करत होते. मला रडू आलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि पुन्हा तांदूळ ओढले.

दिवस वर्षावासाचे होते. पावसाळ्याचे ते तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचला जातो. वाचन सुरू व्हायच्या आधी कुणीतरी उठून काल काय वाचलं ते सांगतं. शेतातून थकून आलेल्यांना, काल न आलेल्यांना धागा लागावा म्हणून. शाळेत असताना हे काम बऱ्याचदा माझ्याकडे असायचं. त्याची एक रीत आहे. आधी फक्त पुस्तकातलं सांगायचं, जितकं आहे तितकंच. मग क्षणभर थांबायचं, 'आता आपलं' म्हणायचं, आणि आपल्याला काय वाटलं ते बोलायचं. मी लहानपणी उत्साहात दोन्ही मिसळून टाकायचे. मागून बाया ओरडायच्या, "थे पुस्तकातलं होय का तुहं होय?"

त्या संध्याकाळी एक मुलगी उठून सांगत होती. ती मध्येच थांबली, "आता आपलं" म्हणाली, आणि मी ताठ बसले. माझी चूक मला दिसली. मी दुसऱ्याच्या लेखात आपलं मिसळलं होतं. लेखकानं दोन शब्द दिले असतील, तर त्याच्या रूपरेषेत ते दोनच राहिले पाहिजेत. तिथं ते फुगवले की त्याची कंजुषी झाकली जाते. नियमापुरते सर बरोबर होते. कबूल. पण विहारात चुकलं म्हणून कुणी मला 'या लोकांना' म्हटलं नव्हतं. आणि विहारात 'आपलं' बोलायला जागा होती. सरांच्या वर्गात ती जागाच नव्हती.

रात्री घरी मी लेख पुन्हा काढला. पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचला. मग एकेक परिच्छेदाचं एकेक वाक्य केलं, सारख्या वाक्यांना एका मुद्द्याखाली आणलं. तिसऱ्या मुद्द्याच्या पोटात पाणी. त्याच्या पोटात 'अपवाद वगळता'. काही वाढवलं नाही. मग दुसरा कागद घेतला.

सोमवारी मी लेखाची नवी रूपरेषा फळ्यावर लिहिली. सरांनी वरपासून खालपर्यंत वाचली. खूश झाले.

"बघा. घासून घेतलं की येतं यांनाही."

"सर, हे लेखातलं झालं," मी म्हणाले. "आता आपलं."

"म्हणजे?"

मी फळ्याच्या उरलेल्या भागावर लिहायला लागले. एक. अपवाद कोण होते? दोन. त्यांना कुणी वगळलं? तीन. लेखकानं त्यांच्यापैकी कुणाला विचारलं का? चार. ज्यांना बोलायचं नाही, त्यांचं मौन कसं लिहायचं?

"बसा," सर म्हणाले.

मी बसले नाही. खडू मोडला, पण चौथा प्रश्न पुरा केला.

"याला संदर्भ काय?"

"अजून कोणी लेहला नाही, सर. मी लेहून राह्यले."

ठरवून नाही, घरची बोली आपसूक तोंडातून आली. या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी डस्टर उचललं, फळ्याचा तो भाग स्वतः पुसला आणि म्हणाले, "मग दुसरा मार्गदर्शक बघा." अर्ज सहीविना परत आला. वर्ष गेलं. बापाला काय सांगायचं, या विचारानं मी आठवडाभर फोन उचलला नाही.

पुढं दुसऱ्या कॉलेजात एक बाई मिळाल्या. भल्या आहेत. नोंदणी झाली. पण सरांचा तो आवाज गेला नाही. अजूनही ओळ आत घेताना बोट थबकतं. जाईल, असं मी आता म्हणत नाही. मोठी माय गेल्या हिवाळ्यात गेली. तिची गोष्ट मी प्रबंधात घातलेली नाही, घालणारही नाही. तिनं नको म्हटलं होतं. ज्या बायांनी स्वतःहून सांगितलं, त्यांचंच घेतलं. हे तुम्हाला सांगतानाही तिचं नाव घेतलेलं नाही, तरी मन खातं. तिचं म्हणणं मी अर्धंच पाळलं, हे मला माहीत आहे.

परवा बाईंनी माझ्या प्रबंधाची रूपरेषा वाचली. मायेनं म्हणाल्या, "अगं, परीक्षक कोण येतील सांगता येत नाही. सुरुवात जरा सौम्य कर. आधी भूगोल, पिकं, बाजार. पाण्याचं प्रकरण चौथं घे. तुझंच भलं आहे."

मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर सोपं झालं असतं.

"नाही, बाई," मी म्हणाले. "आमच्या गावांत वस्त्या पडल्या त्या पाण्यावरून. कोण कुठं राहणार, कोण कुठं थांबणार, ते पाण्यानं ठरवलं. भूगोल त्याच्या नंतर. पहिलं प्रकरण पाण्याचं."

"आणि अडलं तर?"

"अडू द्या. पुन्हा दुसरीकडे जाईन. क्रम बदलणार नाही."

मी कागद उचलला नाही. त्यांच्या समोर, त्यांच्या टेबलावर, तो तसाच राहू दिला.

या रूपरेषेवर बाईंची सही होईल की नाही, मला माहीत नाही. प्रकरण पहिलंच राहील.