उंचीचा रकाना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही पुष्पादीदीला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

तेलीबांधा भागातल्या एका छोट्या संस्थेत मी आकडेवारीचं काम करायचो. दीदी आमची सर्वेक्षक. माहेर भंडाऱ्याचं, नवरा रेल्वेत होता, वारला. भनपुरीच्या कारखान्यांमागच्या पाऱ्यांत, म्हणजे वस्त्यांत, तिनं उन्हाळाभर घरोघरी जाऊन मुलांचं वय, उंची, वजन, फुंकेची, म्हणजे फुप्फुसांची, ताकद मोजली. नळीत फुंकायला पोट्टे लाजायचे, तर आधी स्वतः फुंकून दाखवायची. मी पाहिलंय — दोन दिवस तिच्यासोबत फिरलोय.

माझं काम काय? ते सगळे रकाने सॉफ्टवेअरमध्ये घालायचे आणि कशाचा कशाशी संबंध आहे, त्याचं चित्र काढायचं. चौकटींची जाळी असते. संबंध घट्ट तिथे चौकट गडद, नसेल तिथे पांढरी. बाकी वस्त्यांची चित्रं नीट आली. भनपुरीत मात्र उंचीची अख्खी ओळ पांढरी.

मीटिंगमध्ये संस्थेच्या प्रमुख मॅडमनी ते पडद्यावर पाहिलं. वय वाढतं आणि उंची वाढत नाही, अशी मुलं कुठे असतात, असं त्यांनी विचारलं. घरी बसून आकडे भरलेत, म्हणाल्या. दीदी माझ्याकडे वळली.

"भैया, तुमी तं होते न संग. सांगा न, मी गेली होती का नाही?"

मी लॅपटॉपकडे पाहत राहिलो. म्हणालो — चित्र तर असंच येतंय.

तिला काढलं. भनपुरीचे सगळेच आकडे अहवालातून काढले गेले. कारखान्याला लागून राहणाऱ्या पोरांची फुंक कमजोर होती — तेही गेलं. नंतर कोणी विचारलं नाही.

चार दिवसांनी ती फाइल पुन्हा उघडली. तेव्हा कळलं. चित्र काढण्याआधी, सगळ्यात कमी उंची कोणाची हे बघायला, मी उंचीचा रकाना चढत्या क्रमानं लावला होता — तो एकटाच. बाकीचे जागच्या जागी. एकाची उंची दुसऱ्याच्या नावावर. दीदीच्या कागदांवरून उंची परत भरली, चित्र काढलं. ओळ गडद झाली.

ते चित्र मी पुसून टाकलं. नोकरी जाईल अशी भीती होती म्हणू? नव्हती. मॅडम फार तर रागावल्या असत्या. चुकलो म्हणायची लाज — एवढंच. तेवढ्यासाठी.

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात गेलो. काउंटरवर नंबराच्या चिठ्ठ्या फाडून देत दीदी बसली होती. तिनं ओळखलं. आईचा नंबर पुढे घेतला. मग हळूच म्हणाली,

"मी बहुत विचार केला, भैया. माह्याकडूनच पट्टी तिरपी लागली असन. पण खोटं नाही लिहिलं मी."

मी म्हटलं, "असेल, दीदी."

आणि आईचा हात धरून आत गेलो.