कडूबाच्या दारातून परतताना

माफ करणं सोपं असतं असं सांगणाऱ्यांनी करमाडच्या कडूबाचा मार खाल्लेला नसतो. सुवार्ता साळवेनं खाल्लाय. दोन वर्षांपूर्वी नळावर भांडण झालं. ती हंडा डोक्यावर घेऊन मुकाट्यानं निघाली, तर हंडा धरलेल्या हातावर मागून काठी बसली. मनगट मोडलं, तेही शिवणकामावर जगणाऱ्या बाईचं. तेव्हापासून मागं कुणाची चाहूल लागली तरी तिला कापरं भरतं.

चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला हातोहात फिरतो. मनात वैर ठेवून प्याल्याला ओठ लावायचे नाहीत, हे तिला लहानपणापासून ठाऊक. म्हणून दोन वर्षं ती प्याला नुसता पुढं देत आली.

शेवटी एका शनिवारी भर दुपारी ती कडूबाच्या दारात गेली. कडूबा बाहेर आला. हातात तीच काठी.

"दादा, मी तुम्हाला माफ केलं."

"माफी मागितली कुणी?"

"कुणीच नाय. माझ्या प्रभूनं सांगितलंय, म्हणून आले."

कडूबानं काठी जमिनीवर टेकवली. आता माघारी जायचं होतं आणि गल्ली लांब होती. त्याच्यावर नजर ठेवून उलट्या पावलांनी जावं, असं तिच्या मनात आलं. पण मग माफ काय केलं? तिनं त्याच्याकडं पाठ केली आणि चालू लागली.

मागून काठीचा ठकठक आवाज जवळ येऊ लागला. सुवार्तानं मनगट पोटाशी घट्ट धरलं. वळून पाहिलं नाही.