तीस जूनची कोरी ओळ

प्रेमलाबाई थोपट्यांच्या रजिस्टरात मुंगी शिरायला जागा नसते, असं त्या कचेरीत सगळेच म्हणत. थोडे कौतुकानं, बरेचसे चिडून.

कॅम्पाच्या बाजूला एका सरकारी कचेरीत प्रेमला आवक-जावक सांभाळायची. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर. चौदा वर्षं हेच. दसऱ्याला ती रजिस्टराला हळदकुंकू वाहायची, आणि रोज संध्याकाळी शेवटच्या नोंदीखाली लाल शाईची रेघ ओढून सही करायची. दिवस मिटला. इतर कचेऱ्यांतून पानाच्या शेवटी दोन-तीन ओळी मोकळ्या ठेवायची पद्धत होती. कुणाचा कागद उशिरा जागा झाला की त्याला मागची तारीख लावायला त्या उपयोगी पडत. प्रेमलानं कधी ओळ सोडली नाही. तीन वर्षांपूर्वी हेडक्लार्क आप्पासाहेबांनी सरकारी क्वार्टरच्या अर्जासाठी एकच ओळ मागितली होती. अर्जाला दोन दिवस उशीर झाला होता, बायको दम्यानं आजारी होती, वाड्यातल्या दोन खोल्यांत ओल यायची. प्रेमलाला हे सगळं ठाऊक होतं. ती खाली मान घालून म्हणाली होती, "रेघ मारून झाली, आप्पासाहेब."

क्वार्टर दुसऱ्याला गेलं. तेव्हापासून ते तिला 'नियमबाई' म्हणत.

आता ब्याऐंशी सालच्या जूनमध्ये तिचाच कागद त्यांच्या टेबलावर पडला होता.

नारायण पेठेतल्या एका जुन्या विश्वस्त संस्थेनं सरकारी नोकरीतल्या बायकांसाठी शिष्यवृत्ती ठेवली होती. एक वर्ष शिकायचं. फी आणि पुस्तकं संस्थेची, रजा खात्याची. प्रेमला लग्नानंतर घरूनच अभ्यास करून बी.ए. झाली होती. तिला विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा वर्ग करायचा होता. कागद नुसते पुढं ढकलण्यापेक्षा ते नीट लावून ठेवायचं, मागेल त्याला काढून द्यायचं काम तिला हवं होतं. वयाची अट अडतिसाच्या आतली. नोव्हेंबरात तिला अडतीस पुरी होत होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. दुसरी अट अशी, की खात्याच्या ना-हरकत पत्रावरचा जावक नंबर तीस जूनच्या आतला हवा. अर्ज मग पाच जुलैपर्यंत नेऊन दिला तरी चालत होता.

घरी, बिबवेवाडीला, सासूबाईंनी हे ऐकलं तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. सोजरबाई त्यांचं नाव. सगळी हयात शेतात गेली. आता शेताच्या जागी सोसायटीच्या भिंती उठत होत्या. "लेकराच्या बरोबरीनं दप्तर घिऊन जाणार व्हय?" त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "डबा दोघांचा येकदमच करावा लागंल मंग." प्रेमलानं तो होकारच धरला.

आप्पासाहेबांनी तिच्या अर्जावर चार ओळींची टिपणी लिहायला अकरा दिवस घेतले. विचारलं की म्हणत, "नियमानं चाललंय, बाई. तुम्हाला घाई आवडत नाही ना?" टिपणी झाली तोवर पत्रावर सही करणारे साहेब तपासणीसाठी सोलापूरकडे निघून गेले होते. तीस तारखेला दुपारी परत येणार होते.

तीस तारीख, बुधवार. प्रेमला सकाळपासून जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसली होती. साहेब बाराला आले नाहीत, दोनला आले नाहीत. तीनला कचेरीतला फोन वाजला. बिबवेवाडीच्या किराणा दुकानातून निरोप होता: सोजरबाई मोरीत घसरल्यात, हात मोडलाय, प्रेमलाचा नवरा कामावर, घरी कुणी नाही.

फोन ठेवताना आधी सासूबाईंचा हात मनात आला की कागद, हे तिचं तिलाही नंतर सांगता आलं नसतं. शेजारच्या टेबलावर रशीदा टाइप करत होती. नात्यातली नव्हे, पण सात वर्षं तिच्या डब्यातलं खाणारी. सध्या रोज्यांमुळे तेवढं बंद. प्रेमलानं रजिस्टर तिच्यापुढं ठेवलं. साहेब आले आणि सही झाली तर तेवढा नंबर घालायला सांगितला, आणि बससाठी धावली.

हात मनगटात मोडला होता. दवाखान्यात प्लास्टर होईतो सात वाजले. सोजरबाई कण्हत नव्हत्या, नुसत्या सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या.

"तुझा कागुद ऱ्हायला का गं?"

"राहू द्या आत्याबाई. बोलू नका."

"माझ्यापायी ऱ्हायला म्हन की."

प्रेमलानं त्यांच्या कपाळावरची पांढरी बट मागं सारली. खोटं बोलवेना, आणि खरं बोलायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कचेरीत शिरली तेव्हा रशीदा तिच्याच टेबलापाशी उभी होती. डोळे सुजलेले. साहेबांची जीप वाटेत बंद पडली होती. रशीदानं पावणेसहापर्यंत वाट पाहिली, मग तिलाही रोजा सोडायला घर गाठायचं होतं. साहेब थेट आज सकाळी आले. आणि तिनं रजिस्टर उघडून दाखवलं. तीस जूनची शेवटची नोंद १८४५. तिच्याखाली एक ओळ कोरी. लाल रेघ नाही.

"ताई, मी रेघ नाही मारली," रशीदा हळू म्हणाली. "तुमच्यासाठी जागा ठेवली."

चौदा वर्षांत पहिली कोरी ओळ. प्रेमला काही बोलायच्या आत आप्पासाहेब साहेबांच्या खोलीतून बाहेर आले. हातात तिचं पत्र होतं, शाई अजून ओली.

"सही घेतली," ते म्हणाले. "खाली तारीख घालू नका असं साहेबांना मीच सांगितलं. बसा. भरा."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ती जास्त घाबरली. दोन टेबलांपलीकडचे लोकही लिहायचे थांबले.

"ओळी काही देवानं आखलेल्या नसतात, बाई. छापखान्यात छापतात."

प्रेमला खुर्चीवर बसली. पेन उघडलं. कुणाचं नुकसान होणार होतं? कुणाचंच नाही. साहेब वेळेवर आले असते तर हाच नंबर याच ओळीत बसला असता. जीप बंद पडली ती तिच्या पापानं नव्हे. अकरा दिवस आप्पासाहेबांनी खाल्ले, ते तिनं का भरायचे? निब कागदाच्या इतकं जवळ आलं की त्याची सावली ओळीवर पडली.

तिनं वर पाहिलं. आप्पासाहेब तिच्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे नाही. आणि तिला त्यांच्या दोन खोल्यांतली ओल आठवली. तेव्हा तिच्याकडे कोरी ओळ नव्हती हे खरं. पण असती तरी तिनं दिली नसती, हेही तितकंच खरं. आज स्वतःसाठी ही ओळ भरली, की तीन वर्षांपूर्वीची ती रेघ नियमाची उरत नव्हती. तो नुसता तिचा एका आजारी बाईच्या जिवावरचा हट्ट ठरत होता. मग या माणसाला ती उद्यापासून तोंड कसं दाखवणार होती?

डोळे मिटून तिनं मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं. काही मागितलं नाही. लाल पेन उचललं, कोरी ओळ आडवी छेदली, लिहिलं: '१८४६ – रद्द.' खाली सही, आणि आजची तारीख. मग नव्या ओळीवर एक जुलै घातला आणि आपल्या पत्राला १८४७ दिला.

रशीदानं तोंडावर पदर धरला.

आप्पासाहेबांनी वाकून ती नोंद वाचली. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यावर राग नव्हता."

"नव्हता."

"मला वाटलं होतं." ते वळले, दोन पावलं गेले आणि परत आले. "साहेब दौऱ्यावर होते असा दाखला मी लिहून देतो. तो जोडा. आणि आत्ताच जा, अर्धी रजा टाकून."

नारायण पेठेतल्या त्या संस्थेचं काम मथुराबाई बघत. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि अजूनही समोरच्याला शाळकरी करून टाकणाऱ्या. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा वर केला.

"एक जुलै."

"हो."

"अट वाचता येते ना आपल्याला?"

प्रेमलानं जे झालं ते सांगितलं. रडली नाही, लांबवलं नाही. कोरी ओळ मात्र सांगितली नाही. स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं झालं असतं. मथुराबाईंनी दाखला वाचला आणि म्हणाल्या, की बारा तारखेला समिती बसेल, आपण काही शब्द देत नाही. पण तीस जूनच्या पानाची खरी प्रत आणून द्यावी.

"यंदा सगळ्यांच्याच मागवल्यात," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी फार पत्रं तीस जूनची आली. सरकारात एका दिवसात इतकी कामं होत नाहीत, एवढं मलाही कळतं."

प्रत रशीदानं टाइप केली. १८४६ ला तिची बोटं अडखळली. प्रेमला म्हणाली, आहे तसं कर. आप्पासाहेबांनी ती दोनदा वाचली. मग आपल्या बारीक, तिरक्या अक्षरात तळाला लिहिलं: 'सदर ओळ कोरी होती. लिपिकाने ती स्वतःच्या कागदासाठी न वापरता रद्द केली.' सही, शिक्का.

पुढचे दिवस कसे गेले ते तिचं तिला माहीत. सोजरबाई एका हातानं लसूण सोलत आणि रोज विचारत, "आलं का गं?"

एकोणीस जुलैला सोमवारी टपाल आलं. गठ्ठ्यात नारायण पेठेचा शिक्का असलेलं पाकीट मधोमध होतं. रशीदाचा टाइपरायटर थांबला. आप्पासाहेब टेबलाशी आले.

"बाई, ते आधी फोडा. आज मी नियम काढणार नाही."

"क्रमानं येऊ द्या," प्रेमला म्हणाली.

एकेक पाकीट फोडून तिनं नंबर घातले. सतरावं पाकीट नारायण पेठेचं होतं. तेही तिनं फोडलं. आत एकच कागद. 'साहेब दौऱ्यावर असल्याने झालेला एक दिवसाचा विलंब क्षम्य', असं काहीसं, आणि खाली तिचं नाव. ते तिनं तीनदा वाचलं.

मग विषयाच्या रकान्यात लिहिलं: 'शिष्यवृत्ती – मंजूर.' त्या वर्षीच्या रजिस्टरात तेवढंच एक अक्षर वाकडंतिकडं आहे. कागद तिनं साहेबांच्या ट्रेमध्ये टाकला. तिच्याकडे तो रीतीनंच यायचा होता. आप्पासाहेबांनी ट्रे उचलला. एरवी ते शिपायाचं काम.

"टिपणीला किती दिवस लागतील, आप्पासाहेब?" तिनं विचारलं.

"बसा," ते म्हणाले. "चहा यायच्या आत देतो."

संध्याकाळी तिनं लाल पेन रशीदाच्या हातात दिलं. रशीदानं १९ जुलैच्या शेवटच्या नोंदीखाली पट्टी धरली, रेघ ओढली, आणि सरळ आलीय का ते बघायला रजिस्टर तिच्याकडे फिरवलं.